अण्णांचे शनिवार

तो दर वर्षी मॅट्रिकला बसे आणि दर वर्षी नापास होई. मी पहिल्याच खेपेस पास झालो, पुढे पदवी घेतली, सरकारी नोकरीत एकेक पायरी चढत गेलो आणि आता पेन्शन खात बसलो आहे. तरी आमच्या दोघांत जन्मभर हेवा केला तो मीच. आता केस पिकले, पण तो हेवा काही पिकून गळाला नाही.

ठाण्याला मासुंदा तळ्याच्या काठी एका घराच्या माडीवर आम्ही सहा विद्यार्थी मिळून राहत होतो. कोणी भिवंडीचा, कोणी शहापूरचा, मी कल्याणचा. दिवसा इंग्रजी शाळा, संध्याकाळी तळ्याच्या पायऱ्यांवर पाठांतर, आणि अंधार पडला की एका दिव्याभोवती सहा शेंड्या. जेवायला खालच्या आळीत एका विधवा काकूंकडे. सहावा तो; त्या माडीवर आमच्याआधीपासून होता. आमच्यात सर्वांत मोठा. आम्हाला मिसरूड फुटत होतं तेव्हा त्याला चांगल्या झुपकेदार मिशा होत्या. डोंबिवलीपलीकडच्या एका खेड्यातला. आईबाप पटकीनं एकाच आठवड्यात गेलेले. मामानं वाढवला, आणि घरात नको म्हणून शिकायला ठाण्याला ठेवला.

त्याची प्रत्येक गोष्ट उलटी. पानावर बसला की पहिला ताकभात, मग भाजी-पोळी, आणि शेवटी वरणभात. का, म्हणून विचारलं तर म्हणे, "भूक असते तेव्हा काहीही गोड लागतं. चांगली वस्तू भूक नसतानाच्या वेळेसाठी ठेवावी." आषाढात बिनछत्रीचा भिजत शाळेत येई आणि मार्गशीर्षातल्या कोरड्या उन्हात छत्री काखेत मारून हिंडे. "पावसात छत्र्या फाटतात," हे त्याचं उत्तर. इंग्रजी बोलण्याचा सराव तो टांग्याच्या घोड्यांशी करी. घोड्यांना व्याकरणाच्या चुका कळत नाहीत आणि ती जात हसतही नाही, असं त्याचं म्हणणं. एकदा भिवंडीच्या मुलाकडे इतिहासाचं पुस्तक नव्हतं, तर यानं आपलं पुस्तक मधोमध फाडून पुढचा अर्धा भाग त्याला दिला. "एवढं माझं वाचून झालंय. मागचं तुला लागेल तेव्हा बघू."

पाठांतर त्याला जमत नसे. मी युक्लिडचे सिद्धांत डोळे मिटून घडाघडा म्हणून दाखवी. तो मात्र आज शिकलेलं उद्या विसरे आणि परवा तेच पुन्हा अशा कौतुकानं विचारी, की मास्तरांनाही रागावता येऊ नये. मला मास्तर कधी रागावत नसत. पण माझ्याशी बोलतही नसत. ज्याला येतं त्याच्याशी काय बोलायचं?

आणि त्याचा एक प्रश्न होता. तो प्रश्न आमच्याकडे तेव्हा कोणी कोणाला विचारत नसे. माणूस जो जन्मला तो व्हायचाच. बामणाचा कारकून, सुताराचा सुतार. पण हा गृहस्थ टपालवाल्याला, मंदिरातल्या गुरवाला, कोपरीच्या बाजूला मिठागरात राबणाऱ्या म्हाताऱ्यांना, कोणालाही गाठून विचारी, "तुम्हाला लहानपणी काय व्हायचं होतं हो?"

काकूंना त्यानं असंच विचारलं. त्या वाढत होत्या. हातातला डाव तसाच राहिला. आम्हाला वाटलं, आता ह्याचं पान उचललं जाणार. काकू म्हणाल्या, "मेल्या, बायकांना कोणी विचारतं का असलं?" आणि स्वयंपाकघरात गेल्या. थोड्या वेळानं आतूनच आवाज आला, "मला घोड्यावर बसायचं होतं. मामलेदार बसायचे तसं." आणि त्या हसू लागल्या. अलवणाचा पदर तोंडात धरून हसल्या, डोळे पुसले, परत हसल्या. दुसऱ्या दिवसापासून आमच्या भातावर तुपाचा थेंब आणि त्याच्या भातावर तुपाची धार. मी ती धार रोज पाहत असे.

शाळा तपासायला एकदा मोठे इन्स्पेक्टरसाहेब आले. गोरे. महिनाभर आधी शाळेला चुना लागला, आम्हाला धुतलेले अंगरखे घालून यायला सांगितलं. वर्गात पहिला नंबर माझा, म्हणून हेडमास्तरांनी मला पहिल्या बाकावर बसवलं. साहेबांनी क्रमिक पुस्तकातलं काही विचारलं. मी उभा राहून तो अख्खा परिच्छेद स्वल्पविरामासकट म्हणून दाखवला. साहेब "गुड" म्हणाले आणि त्यांनी घड्याळ बघितलं. मग मागच्या बाकावरच्या मिशाळ विद्यार्थ्याकडे त्यांचं लक्ष गेलं. त्याला उठवून त्यांनी प्रश्न केला.

"आय डू नॉट नो, सर," तो म्हणाला. आणि खाली बसायच्या ऐवजी घोड्यांशी बोलायच्या त्याच्या इंग्रजीत त्यानं साहेबांना आपला तो प्रश्न विचारला. त्या एका वाक्यात चुकाच चुका होत्या. मी त्या मनातल्या मनात दुरुस्तही केल्या. हेडमास्तरांचा चेहरा खडूसारखा झाला.

साहेब चालत त्याच्यापाशी गेले. मग मागच्या बाकावर, आमच्यासारखे, गुडघे दुमडून बसले. त्यांना म्हणे मधमाश्या पाळायच्या होत्या. त्यांच्या आजोबांच्या बागेत मधाची पोळी होती. साहेब सांगत राहिले, आणि हा "मग? मग?" करत राहिला. तपासणीचा तास संपला. जाताना साहेबांनी त्याचा हात हातात घेऊन हलवला. मी पुढची तीन प्रकरणं पाठ करून ठेवली होती. ती कोणी विचारलीच नाहीत.

इथवरचा हेवा साधा होता. विद्यार्थिदशेत असा हेवा कोणाचा ना कोणाचा असतोच. खरा हेवा सुरू झाला तो मी त्याला कल्याणला नेलं तेव्हापासून.

शनिवारी आम्ही सगळे आपापल्या घरी जात असू. तो एकटा माडीवर राही. मामाकडे जायची त्याला इच्छा नसे, मामालाही नसे. माझ्या आत्याच्या कानावर हे गेलं. आई मी लहान असतानाच गेलेली, घर आत्याच चालवी. ती म्हणाली, "अरे, पोरक्या पोराला घेऊन ये. दोन घास जास्त होतील, एवढंच ना!" म्हणून मी त्याला आगगाडीनं कल्याणला आणलं.

माझे वडील, अण्णा, कचेरीतून कारकून म्हणून नुकतेच निवृत्त झाले होते. अण्णा बोलत नसत. रागीट होते असं नाही. मला त्यांनी कधी बोटही लावलं नाही. पण बोलत नसत. मी दर शनिवारी ओटीवर जाऊन नमस्कार करी. ते विचारीत, "अभ्यास कसा चाललाय?" मी म्हणे, "ठीक चाललाय." पुढचा आठवडा सुरू होईपर्यंत आमचं बोलणं तेवढंच.

जेवणं झाली. अण्णा झोपाळ्यावर सुपारी कातरत होते. मला त्याचा स्वभाव माहीत होता, म्हणून मी त्याला डोळ्यांनी दटावत होतो. पण तो जमिनीवर मांडी ठोकून बसला आणि म्हणाला, "काका, तुम्हाला लहानपणी काय व्हायचं होतं?"

अडकित्ता थांबला. आत्या आतून दारात आली. 

"नाखवा," अण्णा म्हणाले.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"गलबत घेऊन जायचं होतं. मस्कतला." अण्णांनी अडकित्ता खाली ठेवला. "दुर्गाडी किल्ल्याखाली बंदरात तेव्हा गलबतं यायची. मी शाळा बुडवून तिथं बसायचो. एकदा कोळ्यांच्या ताटात जेवलो. घरी कळलं. वडिलांनी ओल्या दोरानं फोडून काढलं. मग मुंज, मग मोडी, मग कचेरी."

"गलबत असतं कसं, काका? मी लांबूनच पाहिलंय."

आणि माझे वडील झोपाळ्यावरून उतरले. चुलीतला कोळसा घेऊन त्यांनी सारवलेल्या जमिनीवर गलबत काढलं. आत्या ओरडली, "अण्णा, सकाळीच सारवलंय मी!" पण ऐकतो कोण? ही नाळ, म्हणजे पुढचं टोक. ही डोलकाठी. ही आडवी काठी दिसते ना, तिला परबाण म्हणायचं, तिच्यावर शीड. हे सुकाणू. ते गुडघ्यांवर रांगत होते. धोतराला कोळसा लागला होता. त्यानं काहीतरी वेड्यासारखं विचारलं, आणि अण्णा मोठ्यानं हसले. त्यांचा बाजूचा एक दात पडलेला आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

मी दाराशी उभा राहून बघत होतो. सतरा वर्षं मी त्या घरात राहिलो होतो. मला हे विचारायचं सुचलं नव्हतं आणि त्याला पहिल्याच दिवशी सुचलं, याचा मला राग आला. आणि विचारल्यावर अण्णांनी सांगितलं, याचा त्याहून जास्त.

पुढे तो दर शनिवारी येऊ लागला. 'काका' जाऊन 'अण्णा' झालं. ते दोघं खाडीवर जात, संध्याकाळी चिखलानं भरलेले पाय घेऊन परत येत. मी ओटीवर पुस्तक उघडून बसे आणि त्यांची पावलं ऐकू येईपर्यंत एकही ओळ वाचत नसे. एकदा मी त्याला तोडून विचारलं, "सगळ्या जगाला विचारतोस, मला नाही कधी विचारलंस, काय व्हायचंय ते?"

तो सरळ म्हणाला, "तुला पास व्हायचंय. ते काय विचारायचं?"

परीक्षा जवळ आली होती. बाकीच्यांसारखा मीही त्या आठवड्यात घरी न जाता ठाण्यालाच राहिलो; तो मात्र नेहमीसारखा कल्याणला गेला. रविवारी सकाळी शहापूरचा मुलगा माडीवर धावत आला. "अरे, चल चल! तुझे वडील होडीतून आलेत!"

मी कोपरीच्या बाजूला खाडीवर गेलो. खरंच, शीड लावलेली एक लहानशी होडी काठाला लागली होती. होडीवाला आगरी, हा, आणि मधे अण्णा. पागोटं नव्हतं, डोक्याला पंचा गुंडाळलेला, धोतर मांड्यांपर्यंत खोचलेलं. उन्हानं चेहरा तांबडा झाला होता. पहाटेच्या ओहोटीबरोबर कल्याणहून निघून ते ठाण्यापर्यंत आले होते. मला बघून अण्णा म्हणाले, "अभ्यास कसा चाललाय?"

"ठीक चाललाय."

मग ते जरा घुटमळले. "परत जातोय आता. येतोस?"

मला पाण्याची भीती वाटे. पण ते दोघं मला काठावर ठेवून निघून जाणार, हे मला सहन होईना. मी चढलो.

होडीवाला म्हणाला, "आन्ना, वाईच थांबा. पानी भरूं द्या. नायतं होरी चिखलान बसंल." पण अण्णांना धीर नव्हता. आम्ही निघालो. मी मधे बसलो होतो आणि ते दोघं माझ्या डोक्यावरून बोलत होते. तो मधेच शिडाच्या खालच्या कोपऱ्याची दोरी ओढून विचारी, "अण्णा, हिला काय म्हणालात?" अण्णा म्हणत, "दामण रे, दामण!" थोड्या वेळानं पुन्हा तेच. मला ते एकदाच ऐकून पाठ झालं होतं.

डोंबिवलीजवळच्या कोपर गावासमोर होडी बसली. होडीवाल्यानं सांगितलं होतं तशीच. दोन्ही बाजूंना काळा चिखल, पलीकडे कांदळवन. अण्णा आणि होडीवाला नाळेवर उभे राहून बांबूनं तळ चाचपत होते. आम्ही दोघं मागे. ऊन डोक्यावर आलं होतं, आणि इतके दिवस गिळलेलं सगळं तोंडाशी आलं.

"तुला आमच्या घरात हवंय तरी काय?" मी म्हणालो.

तो चिडला नाही. मला वाटलं होतं चिडेल, निदान लाजेल. त्यानं जरा विचार केला, जणू काही मी त्याला भूगोल विचारला होता.

"तुझ्याकडे आहे आणि तुला लागत नाही, ते," तो म्हणाला.

नाळेवरचा बांबू थांबला. अण्णांनी ऐकलं होतं. ते वळले नाहीत.

तो उठला. धोतर वर खोचलं, छत्री काखेत घेतली आणि सरळ होडीतून चिखलात उतरला. "अरे, अरे!" होडीवाला ओरडला. हा म्हणाला, "एक माणूस कमी झाला तर होडी लवकर उठेल," आणि कोपरच्या काठाकडे चालू लागला.

गुडघाभर चिखल होता, पुढे मांडीभर. भरतीचं पाणी मागून सरपटत येत होतं. तो एक पाय उपसायचा, तर दुसरा रुतायचा. मधे एकदा कमरेपर्यंत गेला आणि तिथंच थांबला. अण्णा ओरडले. माझ्या वडिलांचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "मागे फीर! अरे पोरा, पाणी चढतंय, मागे फीर!" ते धोतर सोडून उडीच मारणार होते; होडीवाल्यानं त्यांना कमरेला धरलं. तिकडे यानं छत्री आडवी चिखलावर टाकली, तिच्यावर छाती टेकून पाय मोकळे केले आणि रांगत रांगत कांदळाच्या मुळ्यांना जाऊन धरलं. वर चढून त्यानं हात केला. अण्णा तोवर खाली बसले नाहीत.

होडी उठली. शीड भरलं. कल्याणपर्यंत अण्णा माझे एकट्याचे होते. मी त्यांना काही विचारावं म्हणून खूप डोकं खाजवलं. एकही प्रश्न सुचला नाही. ठाकुर्लीच्या वळणावर त्यांनीच विचारलं, "तुला पोहता येतं का रे?"

"नाही."

"हं," म्हणाले, आणि मागे वळून बघत राहिले.

पुढच्या शनिवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. अण्णा ओटीवर बसून रस्त्याकडे बघत. मी त्यांच्या शेजारी पुस्तक घेऊन बसे आणि मनातून खूश असे. मग एके दिवशी भर दुपारी आमच्या माडीचा जिना वाजला. मान वर करून बघतो तो अण्णा! मी शिकायला आल्यापासून ते कधी त्या खोलीत आले नव्हते. हातात आत्यानं दिलेला लाडवांचा डबा होता. मी घाईघाईनं उठलो, सतरंजी झटकली, तांब्या भरला. त्यांनी डबा माझ्या हातात दिला, खोलीभर नजर फिरवली आणि विचारलं, "तो कुठाय?"

मी म्हणालो, "तळ्यावर असेल."

पाणी न पिताच ते खाली उतरले. खिडकीतून मला दिसत होतं. तो पायऱ्यांवर बसला होता. अण्णा त्याच्या शेजारी जाऊन बसले. काय बोलणं झालं ते मला कधी कळलं नाही. त्या शनिवारी तो माझ्याबरोबर कल्याणच्या गाडीत होता.

परीक्षेला आम्ही मुंबईला एकत्र गेलो. गणिताच्या पेपरात त्याला एकच प्रश्न आवडला. तो त्याच्यातच रमला आणि वेळ संपला. निकाल लागला तेव्हा मी पेढे घेऊन कल्याणला गेलो. अण्णांनी पेढा हातात घेतला. "बरं झालं," म्हणाले. मग पेढा तसाच धरून, "आणि तो?"

मी शिकायला मुंबईला गेलो, नोकरी लागली, बदल्या होत होत पार धारवाडकडे जाऊन पोचलो. त्यानं ठाकुर्लीकडे एका खेड्यात मराठी शाळा धरली. पगार माझ्या शिपायाएवढा. लग्न केलं नाही. घरच्या पत्रांत आत्या कोणाकडून तरी लिहून घेई, 'मास्तर शनिवारी येऊन जातात, काळजी नसावी.' मी मात्र ते वाक्य वाचलं की दिवसभर कोणाशी धड बोलत नसे. अण्णांना मी नेमानं पैसे पाठवी, वर्षाचं धान्य, चांगलं पांघरूण. उत्तरं येत, 'पावलं. ठीक आहे.'

अण्णा थकले तेव्हा मी रजा काढून घरी आलो. शनिवार होता. अण्णांना डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं, माझा आवाज ऐकून त्यांनी नमस्कार घेतला आणि विचारलं, "काम कसं चाललंय?"

"ठीक चाललंय."

संध्याकाळी तो आला. मिशा पिकल्या होत्या. मला बघून मनापासून खूश झाला, माझ्या मुलांची नावं विचारली. मागच्या खेपेस विचारली होती ती विसरला होता. मग नेहमीच्या जागी, अण्णांच्या पायाशी बसला. मी दाराशी उभा होतो. अण्णा निपचित पडल्यासारखे होते. आत्यानं मला सकाळीच सांगितलं होतं, हल्ली दिवस दिवस तोंडातून शब्द काढत नाहीत.

"अण्णा," तो म्हणाला, "आज येताना खाडीत शीड दिसलं. त्याच्या खालच्या कोपऱ्याला ती दोरी असते, तिला काय म्हणतात हो?"

अण्णांचे ओठ हलले. "गाढवा," ते म्हणाले, "किती वर्षं सांगतोय!"

"विसरलो खरा."

"ऊठ, कोळसा आण."

मला ते नाव येत होतं. अगदी जिभेवर होतं. मी दाराशी उभा राहिलो, आणि तो कोळसा आणायला माझ्या बाजूनं आत गेला.